सूट, दुकान आणि उंबरठा

१

पुस्तकाचे एखादे जुने दुकान बंद पडले की मराठी वर्तमानपत्रांत एक ठरावीक लेख छापून येतो. त्या लेखात लाकडी कपाटांचा वास असतो. गल्ल्यावर बसलेला सज्जन मालक असतो. 'हे वाचा, तुम्हाला आवडेल' असे म्हणून त्याने पुढे केलेले एखादे पुस्तक असते. शेवटी मोबाइलवरून निम्म्या किमतीत पुस्तके मागवणाऱ्या नव्या पिढीला चार शब्द सुनावलेले असतात. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि तो पुढचे पान उलटतो.

माझे डोळे पाणावत नाहीत. पुस्तकाच्या दुकानाचे मरण मला आनंदाचे वाटते, असा याचा अर्थ नव्हे. पण रडण्यापूर्वी मयत कोणाच्या घरी झाली आहे, हे तरी विचारले पाहिजे. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळण्याचे काम गावकीने आमच्या वाडवडिलांकडे दिले होते. त्या कामात रडण्याचा अधिकार नव्हता, आणि सांगावा नाकारण्याचाही नव्हता. आज दुकानांच्या मरणाचा सांगावा आमच्या हाती दिला जात असेल, तर तो पोचवण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारणार. हे दुकान कोणाचे होते? आणि ज्या सुटीने, म्हणजे टक्केवारीच्या सवलतीने, ते मारले असे सांगितले जाते, ती सूट कोणाच्या खिशातून आली आणि कोणाच्या पदरात पडली?

माझा अनुभव सांगतो. तो माझा एकट्याचा नाही, म्हणूनच सांगतो. २००८ साली मी जिल्ह्याच्या गावी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. वडील मार्केट यार्डात हमाली करीत. घरात पुस्तके म्हणजे आम्हा भावंडांची क्रमिक पुस्तके आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलेली वंदनेची पुस्तिका. शिष्यवृत्तीचा हप्ता हाती आला तेव्हा त्यातले थोडे पैसे बाजूला काढून मी गावातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. काउंटरच्या आत पुस्तके आणि बाहेर आम्ही, अशी तिथली रचना होती. नाव सांगायचे, नोकर पुस्तक काढून देणार, तोवर हात लावायचा नाही. मी दया पवारांच्या 'बलुतं'चे नाव घेतले. मालकाने वर पाहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हटले, "ते आपण नाही ठेवत. सहा डिसेंबरला मिळेल ते, तुमच्याकडे."

माणूस वाईट नव्हता. त्याने माझा अपमान केला नाही, मला हाकलले नाही. उलट आपण मदतच करतो आहोत, अशी त्याची भावना होती. आणि म्हणूनच ते वाक्य गेली इतकी वर्षे माझ्या डोक्यात राहिले आहे. 'बलुतं' ग्रंथालीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. मी ते मागितले तेव्हा त्या पुस्तकाला तीस वर्षे झाली होती. मराठी समीक्षेने त्यावर पुष्कळ लिहिले होते, इतर भाषांनी ते आपलेसे केले होते. पण त्या दुकानदाराच्या लेखी ते मराठी साहित्यातले पुस्तक नव्हतेच. तो एका विशिष्ट समाजाचा, वर्षातून एका दिवशी निघणारा माल होता. गणपतीत मखर, संक्रांतीला तीळगूळ आणि सहा डिसेंबरला दलित साहित्य!

२

पुस्तकांच्या दुकानांविषयी जे हळवे लेखन होते, त्याची चिकित्सा येथूनच सुरू झाली पाहिजे. हे लेखन दुकानाला संस्कृतीचे मंदिर म्हणते. आमच्यासाठी हा शब्द निरुपद्रवी नाही. मंदिर म्हटले की उंबरठा आला, गाभारा आला, आत कोण आणि बाहेर कोण हेही आले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. त्यानंतर आम्ही मंदिराचा नाद सोडला आणि ग्रंथालयाची वाट धरली. तेव्हा पुस्तकाच्या दुकानाला मंदिर म्हणणाऱ्याने आपण कोणाशी बोलतो आहोत याचा विचार केलेला नसतो. त्याच्या डोळ्यांसमोरचा वाचक त्याच्याच घरातला असतो.

या हळवेपणाला परदेशी नमुनेही आहेत. १९९८ साली 'यू हॅव गॉट मेल' हा अमेरिकन चित्रपट आला. न्यूयॉर्कमधले लहान मुलांच्या पुस्तकांचे एक छोटे दुकान, आईकडून मुलीकडे आलेले. शेजारी सवलतीत पुस्तके विकणारे अवाढव्य दुकान उघडते आणि छोटे दुकान बंद पडते. पण शेवटी छोट्या दुकानाची मालकीण मोठ्या दुकानाच्या मालकाच्याच प्रेमात पडते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. येथे भांडवलाचा प्रश्न लग्नाने सोडवला आहे! त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मालक आणि मालकीण यांच्यापलीकडे त्या कथेला प्रश्नच पडत नाही. त्या छोट्या दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून परत फिरलेले एखादे मूल न्यूयॉर्कमध्ये नव्हते काय? ते मूल कथेत नाही. आमच्याकडच्या लेखांतही ते नसते.

मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे उदाहरण अधिक बोलके आहे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात ते सुरू केले. पुढे ते फोर्टात गेले. शानभाग यांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. तेव्हा जे मृत्युलेख आले त्यांत सवलत देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना दोष देण्यात आला. परंतु स्ट्रँडची स्वतःची कीर्ती कशावर उभी होती? वीस टक्के सुटीवर! छापील किमतीपेक्षा स्वस्त पुस्तक देणारे दुकान म्हणूनच मुंबईच्या दोन-तीन पिढ्या तिथे गेल्या. तेव्हा सूट हीच शत्रू आहे, असे म्हणणे बरोबर ठरत नाही. स्ट्रँडची सूट त्या दुकानाच्या स्वतःच्या नफ्यातून येत होती. मालक पुस्तक निवडून आणत होता आणि कमी फायद्यावर जास्त प्रती विकत होता. आजच्या प्रचंड कंपन्यांची सूट नफ्यातून येत नाही. ती गुंतवणूकदारांच्या पैशातून येते. वर्षानुवर्षे तोटा सोसायचा, बाजार हाती घ्यायचा आणि मग अटी आपल्या घालायच्या, असे तिचे गणित असते. दोन्हींना आपण 'सूट' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच फसतो.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. 'सवलत' हा शब्द आमच्या समाजाच्या तोंडावर शिवीसारखा फेकला जातो. 'सवलतीवर शिकलेले', 'सवलतीवर लागलेले' हे शब्द माझ्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. तेच सहकारी पुस्तक-प्रदर्शनातून पन्नास टक्के सवलतीत आणलेले संच मोठ्या अभिमानाने टेबलावर मांडतात. सवलत घेण्यात लाज नाही, हे त्यांनाही कळते. फक्त ती घेणारा कोण, यावर लाज ठरते.

३

आता व्यापाराचे गणित पाहू. ते न समजता या विषयावर बोलणे म्हणजे नुसती हळहळ.

एक पुस्तक तीनशे रुपयांचे आहे असे धरा. दुकानदाराला प्रकाशकाकडून पस्तीस टक्के कमिशन मिळते असे धरा. म्हणजे पुस्तक त्याला १९५ रुपयांना पडते आणि छापील किमतीला विकले तर १०५ रुपये राहतात. त्यातून जागेचे भाडे, नोकराचा पगार, वीज आणि न खपलेल्या पुस्तकांवर अडकलेला पैसा भागवायचा. तेच पुस्तक कंपनी २१० रुपयांना घरपोच देते. दुकानदार त्या भावाला उतरला तर त्याच्या हाती पंधरा रुपये उरतील. त्यात दिवसाचा चहाही निघणार नाही.

पण खरी मेख याच्या पुढे आहे. कोणतेही चांगले दुकान सगळ्या पुस्तकांवर जगत नाही. भराभर खपणारी पाच-पन्नास पुस्तके त्याला जगवतात. त्या कमाईच्या जोरावर ते वर्षाला दोन प्रती खपणारा कवितासंग्रह कपाटात ठेवू शकते. कंपन्या सर्वांत मोठी सूट नेमकी या भराभर खपणाऱ्या पुस्तकांवर देतात. दुकानाची कमाई पळवली की कपाटातल्या कवितासंग्रहाचा आधार जातो. म्हणजे सूट मिळते खपाऊ पुस्तकाला आणि मरते ते न खपणारे पुस्तक. वाचकाला मात्र आपले शंभर रुपये वाचले एवढेच दिसते.

युरोपात हा वाद फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १९०० सालापासून 'नेट बुक अ‍ॅग्रीमेंट' होते. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीला कोणी पुस्तक विकायचे नाही, असा तो करार. १९६२ मध्ये तिथल्या न्यायालयाने, पुस्तक हा इतर मालासारखा माल नाही हे मान्य करून, तो करार उचलून धरला. १९९५ मध्ये मोठे प्रकाशक त्यातून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये न्यायालयानेच तो लोकहिताविरुद्ध ठरवला. पुढे काय झाले? २००७ मध्ये हॅरी पॉटरचा शेवटचा भाग १७.९९ पौंड छापील किमतीचा होता. किराणा माल विकणाऱ्या एका मोठ्या साखळीने तो पाच पौंडांना विकला. बटाट्यांच्या शेजारी ठेवलेले ते पुस्तक गिऱ्हाईक दुकानात खेचण्याचे आमिष होते. पुस्तकावर तोटा, बटाट्यावर नफा. इंग्लंड-आयर्लंडमधल्या स्वतंत्र पुस्तक-दुकानांची संख्या घसरत २०१६ मध्ये नऊशेच्या खाली आली. नंतरच्या वर्षांत ती पुन्हा हजारावर गेली, हेही सांगितले पाहिजे. मरण अटळ असते, हा सिद्धान्तही तपासून घ्यावा लागतो.

फ्रान्सने उलटी वाट धरली. तिथे सत्तरच्या दशकात 'फ्नाक' या मोठ्या दुकानाने पुस्तकांवर वीस टक्के सूट सुरू केली. तिच्याविरुद्ध जेरोम लिंदाँ या छोट्या पण करारी प्रकाशकाने मोहीम उघडली. १० ऑगस्ट १९८१ रोजी कायदा झाला. सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने तो ओळखला जातो. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवील आणि पाच टक्क्यांहून अधिक सूट कोणालाही देता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानांवर 'एकच भाव' अशी पाटी असते. फ्रान्सने ती पाटी सगळ्या देशावर लावली. २०१४ मध्ये त्यांनी सूट आणि फुकट टपाल एकत्र देण्यास बंदी केली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने टपालखर्च एक सेंट लावून कायद्याला वाकुल्या दाखवल्या. मग ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या आतील मागणीवर किमान तीन युरो टपालखर्च सक्तीचा झाला. पळवाट काढली की ती बुजवायची, असा तो चाळीस वर्षांचा पाठलाग आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकांपासूनच सुरू झाले आणि अ‍ॅमेझॉनही २०१३ मध्ये भारतात पुस्तके घेऊनच आले. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारांनी किमतींवर प्रभाव टाकू नये, असा केंद्र सरकारचा नियम मार्च २०१६ पासून आहे. पण तो पुस्तकाचा विचार करून झालेला नाही. त्याच्या लेखी पुस्तक आणि प्रेशर कुकर सारखेच.

४

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग लेखकाची भूमिका स्पष्ट आहे, फ्रान्सचा कायदा आणा. इतके ते सोपे नाही.

२०१४ साली मी पहिल्यांदा मोबाइलवरून पुस्तक मागवले. तो अनुभव मला लपवायचा नाही. काउंटर नव्हता, नोकर नव्हता, वर पाहणारे डोळे नव्हते. 'बलुतं' टाइप केले आणि 'बलुतं' आले. 'तुमच्याकडे' हा शब्द कोणी उच्चारला नाही. पार्सलवर वस्तीचे नाव होते, ते वाचून पोऱ्याच्या मनात काय आले असेल ते असो. पुस्तक मात्र दारात आले, आणि स्वस्तात आले. जे काम शतकभरात आमच्या जिल्ह्यातल्या दुकानाने केले नाही, ते या नफेखोर यंत्राने एका बोटाच्या दाबाने केले. दुकानाच्या उंबरठ्यावर पिढ्यान् पिढ्या थांबलेल्या माणसाने या यंत्राकडे सुटका म्हणून पाहिले, तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार उंबरठ्याच्या आत बसलेल्यांना नाही.

पण यंत्राचाही उंबरठा असतो. तो दिसत नाही, एवढेच. आमच्या चळवळीचे निम्मे वाङ्मय वीस, तीस, चाळीस रुपयांच्या पुस्तिकांत आहे. भाषणे, जलशांची गाणी, एखाद्या तालुक्यातल्या सत्याग्रहाची हकिगत, एखाद्या बाईने लिहिलेले आत्मकथन. ऑनलाइन विकायचे तर कंपनीचे कमिशन, प्रत्येक विक्रीमागे ठरावीक आकार आणि पाठवण्याचा खर्च द्यावा लागतो. चाळीस रुपयांच्या पुस्तिकेवर हे ओझे घातले की पुस्तिकेपेक्षा ओझे मोठे होते. मग ती पुस्तिका तिथे नसते, किंवा कोणी मधला माणूस ती दीडशे रुपयांना लावतो. टपालाची तऱ्हाही अशीच. छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणी सेवा पोस्टाने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' नावाची दुसरी सेवा सुरू झाली. मधल्या महिन्यांत चाळीस रुपयांची पुस्तिका पाठवणाऱ्यांनी काय करायचे होते?

दुकान म्हणत होते, 'सहा डिसेंबरला मिळेल.' यंत्र म्हणते, 'आपल्या शोधाशी जुळणारे काही सापडले नाही.' दुसरे वाक्य अधिक सभ्य आहे. पण अर्थ तोच आहे.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचे काय झाले तेही पाहू. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आणि ते अल्प किमतीत दिले. ही सूट लोकांच्या पैशातून लोकांना दिलेली होती. तिला मी सलाम करतो. पण खंड मिळेनात, छपाई रखडली, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुसरीकडे, कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखाधिकार संपतो. त्यामुळे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ २०१७ पासून कोणालाही छापण्यास मोकळे झाले. आता गुळगुळीत मुखपृष्ठांच्या आवृत्त्या मोठ्या सुटीने सर्वत्र मिळतात. मला 'सहा डिसेंबर' सांगणाऱ्या त्या दुकानातही आता दर्शनी टेबलावर संविधान आणि बाबासाहेबांचे चरित्र असते. हे मी प्रगती मानतो, पण अर्धीच. बाबासाहेब खपतात म्हणून ठेवले जातात. कपाटाची कसोटी वेगळी आहे. आज लिहिणाऱ्या, नाव नसलेल्या, तालुक्याच्या मुलीचा पहिला कवितासंग्रह तिथे आहे काय? नसेल, तर त्या दुकानाने गिऱ्हाईक ओळखले आहे, साहित्य ओळखलेले नाही.

५

आमचे पुस्तक दुकानातून कधीच आले नाही. ही तक्रार नाही, हा आमचा इतिहास आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले. बाबासाहेबांनी ते स्वतः छापले, आणि इंग्रजी आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या प्रती कोणत्या काचेच्या कपाटातून गेल्या? सत्तरच्या दशकात ग्रंथालीने सभासद-वाचकांच्या बळावर किंमत खाली आणली, पुण्यात विलास वाघ यांच्या सुगावा प्रकाशनाने परिवर्तनाच्या पुस्तकांना घर दिले. आणि याच्याही खाली, कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंद नसलेला एक माणूस आहे. तो पत्र्याची पेटी किंवा गोणी घेऊन एप्रिलमध्ये जयंतीच्या गावांना फिरतो, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातो, डिसेंबरात शिवाजी पार्कच्या धुळीत ताडपत्री अंथरतो. मराठीतले सर्वांत स्वतंत्र पुस्तकाचे दुकान ते हेच. त्याला छप्पर नाही म्हणून कोणी त्याच्यावर लेख लिहीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये साथीमुळे लोकांनी चैत्यभूमीवर येऊ नये असे सांगावे लागले, तेव्हा या माणसांचे वर्षच बुडाले. त्या वर्षी किती स्टॉल कायमचे उठले, याची नोंद कोणी घेतली?

आता मला माझ्यावरच यावे लागेल. २०१७ साली मी सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या ताडपत्रीवर जातिव्यवस्थेवरचा एक जाड ग्रंथ दिसला. मी तो अर्धा तास चाळला. किंमत चारशे होती, ते साडेतीनशेला द्यायला तयार होते. मी मुखपृष्ठाचा फोटो काढला, 'जय भीम काका' म्हणून पुढे गेलो आणि परतीच्या गाडीतच फोनवरून तो ग्रंथ दोनशे ऐंशीला मागवला. मी तेव्हा नोकरीला लागलेलो होतो. सत्तर रुपये ही माझी गरज नव्हती. ती सवय होती.

पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी तेच काका होते. त्यांनी मला ओळखले. "जय भीम सर. मागल्या साली फोटू काढला होता तुम्ही. आलं का पुस्तक?" मी खाली पाहिले. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, "आलं असंल तर बरं झालं. वाचलं पाहिजे ते. पण सर, असं पुस्तक हाय, हे तुम्हाला हितं कळलं. गाडीनं गोणी मी आणली. त्याचं तुम्ही काहीच धरलं नाही."

फ्रान्सच्या संसदेतल्या साऱ्या चर्चेचे सार या माणसाने एका वाक्यात सांगितले. पुस्तक आहे हे कळणे, ते हातात घेता येणे, कोणीतरी ते गोणीतून तिथवर आणलेले असणे, याला किंमत असते आणि ती पुस्तकाच्या किमतीतच धरलेली असते. कंपनीची सूट म्हणजे ती किंमत न देता केलेली खरेदी. वाचन एकाच्या ताडपत्रीवर, पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात. आणि हे कोण करतो? शिष्यवृत्तीवर शिकलेला, प्राध्यापक झालेला, परिवर्तनाच्या व्यासपीठांवर बोलणारा मी. आमच्यातला जो वर्ग चळवळीच्या कष्टांवर वर आला, तो आता गिऱ्हाईक झाला आहे. गिऱ्हाइकाला स्मृती नसते, त्याला फक्त टक्केवारी कळते.

आमच्या प्रकाशकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ग्रंथालय-खरेदीत मोठे कमिशन द्यावे लागते म्हणून काही जण पुस्तकाची किंमतच फुगवतात. दोनशेचे पुस्तक चारशेला छापायचे आणि निम्म्याने द्यायचे. फुगवलेल्या किमतीवरची सूट ही सूट नसते. ती लबाडी असते आणि तिचा फटका रोख पैसे मोजणाऱ्या गरीब वाचकाला बसतो. प्रस्थापितांचे दोष दाखवणाऱ्या चळवळीने आपल्या घरातला हा दोष झाकून ठेवू नये.

६

मग करायचे काय? केवळ किंमत बांधणारा कायदा कपाटाला वाचवतो. पण कपाटात काय असावे, हे तो सांगत नाही. उद्या असा कायदा झाला आणि माझ्या गावातले ते दुकान वाचले, तर 'सहा डिसेंबरला मिळेल' हे वाक्यही त्याच्याबरोबर वाचेल. शिवाय बांधलेली किंमत शेवटी शेतमजुराच्या मुलालाच अधिक जड जाते. ही अडचण खरी आहे आणि ती टाळून भूमिका घेता येत नाही.

तरीही मी अशा कायद्याच्या बाजूने आहे, मात्र अटींवर. जर्मनीत किमतीचे बंधन पहिल्या अठरा महिन्यांनंतर प्रकाशकाला उठवता येते. तसे मर्यादित बंधन आपल्याकडेही चालेल. नव्या पुस्तकाला उभे राहण्यापुरता वेळ मिळावा, मग ते स्वस्त व्हावे. गरीब विद्यार्थ्याची सवलत दुकानदाराच्या किंवा ताडपत्रीवाल्याच्या पोटातून काढायची नाही. ती सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शासनाच्या अल्पमोली आवृत्त्यांतून आली पाहिजे. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्या खरेदीत छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिकांना जागा मिळावी आणि त्या छापील किमतीला घेतल्या जाव्यात, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. चाळीस रुपयांच्या पुस्तिकेवर कमिशन मागणारे ग्रंथालय मला नको आहे.

उरलेले काम आमचे आहे. तालुक्या-तालुक्यांत विहारे उभी राहिली आहेत, त्यांतल्या पुष्कळांत फरशी संगमरवरी आहे. तिथे विक्रीच्या पुस्तकांचे एक कपाट असायला किती खर्च येतो? वर्षातल्या दोन दिवसांवर जगणाऱ्या विक्रेत्याला महिन्यातून एक रविवार तिथे ताडपत्री अंथरू दिली, तर त्याचे आणि आपलेही भले होईल. आणि त्याच्याकडे सूट मागू नये. मी आता मागत नाही. गेल्या काही वर्षांत मी त्या काकांकडून छापील किमतीला पुस्तके घेतो, माझ्या विद्यार्थ्यांची यादी त्यांना आधी कळवतो. याने फार मोठे परिवर्तन होते असा माझा दावा नाही. दरवर्षी त्यांची गोणी जरा हलकी होऊन परत जाते, एवढेच.

मोठ्या शहरातले एखादे प्रसिद्ध दुकान पुन्हा बंद पडेल, पुन्हा तो लेख छापून येईल. तो लिहिणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांचे दुःख खरे असेल. त्यांनी एवढेच करावे, की लेख लिहिण्याआधी एकदा त्या दुकानात आमचे पुस्तक मागून पाहावे, आणि ते सहा डिसेंबर सोडून कोणत्याही दिवशी मागावे. मिळाले तर त्या दुकानासाठी रस्त्यावर यायला आम्हीही तयार आहोत.